बर्फाला घोंगडी

सोलापूरच्या स्टेशनावर केराबाई सकाळपासून बसून होती. मांडीवर सात महिन्यांची चंद्रव्वा, आणि तिच्याभोवती सासूनं स्वतः सूत काढून विणून घेतलेली इवलीशी घोंगडी. एवढ्या उन्हात हे काय, म्हणून शेजारणीनं निघतानाच हटकलं होतं.

"आसू दे की," केरा म्हणाली होती. "ह्यांना घरच्या मेंढरांचा वास तरी यील."

'हे' म्हणजे तिचा नवरा, बिरप्पा. मेंढरं विकून तो पुण्याच्या लशीच्या कारखान्यात लागला, तेव्हा चंद्रव्वा पोटात होती. आधी त्याला तिथल्या, रक्तातून औषध काढायला पाळलेल्या घोड्यांच्या तबेल्यात घेतलं, मग लशीच्या पेट्या पोचवायला. कारखाना पावसाळ्यातल्या वेलासारखा पसरत होता. त्याच्या बाटल्या बोटीनं परमुलखात जायला लागल्या होत्या. बिरप्पाला मात्र सोलापूर गाठणं जमत नव्हतं. आज तो गुलबर्ग्याला पेटी घेऊन जाणार होता. गाडी इथं थांबेल, पोरीला घेऊन ये, असा त्याचा निरोप होता.

केरानं एकच वाक्य घोळवून ठेवलं होतं. आमाला पुण्याला कवा नेणार?

गाडी आली ती दुपार कलल्यावर. मोहोळच्या पुढं इंजिन बिघडून उन्हात उभी राहिली होती म्हणे. दारात बिरप्पा दिसला. वाळलेला, पण तोच. केरा पदर सावरत पुढं झाली. त्यानं लेकीकडे पाहिलं, हात पुढं केले आणि तसेच मागे घेतले.

"केरा, बर्फाचं पार पानी झालंय गं. पेटी तापली तर समदी लस वाया. तिकडं घटसर्पानं पोरं चाललीत. हितं बर्फ कुटं मिळंल?"

"भाईर रसवाला हाय. तुमी जावा की."

"पेटी सोडून हलायचं न्हाय, हुकूम हाय."

केरानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा इंजिनाकडे. मग चंद्रव्वाला त्याच्या हातात दिलं, घोंगडी तेवढी ओढून घेतली आणि धावली.

रसवाल्यानं भुशातनं लादी काढली. "लगीन हाय का काय घरात?"

"ह्यांची लस हाय! दे लवकर."

गोणपाट नव्हतं. तिनं ढेप घोंगडीत गुंडाळली नि तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली. चोळी भिजली, हात बधिरले. फलाटावर पाय ठेवला तोच शिट्टी झाली. सगळे डबे सारखेच, सगळ्या खिडक्यांत माणसं. कोणत्या दारात तो?

"अवो! अवो, चंद्रव्वाचे आबा!"

दहा-बारा आबा खिडकीतून बघायला लागले. एक म्हातारा हसला, "बाई, नाव घे की! गाडी चालली."

लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते नाव उच्चारलं नव्हतं. सासूसमोर नाही, देवासमोर नाही, एकटी असतानाही नाही. गाडीनं हिसका दिला.

"बिरप्पाऽऽ!"

पलीकडच्या दारातून तो निम्मा बाहेर झुकला. चेहऱ्यावर असं हसू, की सगळा फलाट बघत होता तरी केराला लाज वाटायची राहून गेली. ती पळत पोचली. त्यानं आधी लेक तिच्या कवेत दिली, मग घोंगडी उचलून घेतली.

"बर्फ सोडून घ्या नि घोंगडी द्या की!" केरा म्हणाली.

"न्हाय सोडत. असाच ठिवतो. बाटलीला बर्फ थेट लागला तरी लस नासती."

गाडी सरकू लागली. केरा सोबत चालली, मग पळाली. घोळवलेलं वाक्य ओठावर आलं, पण धाप मोठी होती.

"केरा!" तो दारातून ओरडला. "घोंगडी माघारी येताना देतो! तवा पेटी रिकामी आसंल गं!"

शेवटचा डबा गेला. केरा तिथंच बाकावर टेकली. आपल्याला तेवढ्यात काय मिळालं? एक ओरडणं आणि गारठलेले हात. पोरीला मात्र बापाची मांडी पुरेपूर मिळाली होती. तिनं चंद्रव्वाच्या टाळूला नाक लावलं. औषधाचा उग्र वास येत होता, त्याच्या हातांचा.

रिकाम्या पेटीला राखण लागत नाही. बर्फ लागत नाही. रिकामी पेटी घेऊन माणूस खाली उतरू शकतो, घरी जेवू शकतो, आणि कुणी विचारलं तर उत्तरही देऊ शकतो.

"काय बाई, घरी न्हाई जायाचं?" झाडूवालीनं विचारलं.

"जाती की," केरा म्हणाली. "गुलबर्ग्याची गाडी माघारी कवा येती, तेवडं इचारून."

आणि त्या दिवशी पोरीची टाळू तिनं धुतली नाही.