चौथ्या खांबाचा रिव्हेट

आमचे हे बहिरे झालेत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त यांना. बॉयलरच्या कारखान्यात चौतीस वर्षं घण मारल्यावर कान टिकणार कसे? पण दोष माझा. म्हणे मीच पुटपुटते, लेक घाईत बोलते आणि टीव्हीवाल्यांना तर उच्चारच येत नाहीत. डॉक्टरचं नाव काढलं की राग नाकाच्या शेंड्यावर. दोन वर्षांत हळूहळू चारचौघांत जाणं बंद केलं. नातीचा फोन आला की तो माझ्या हातात द्यायचे आणि खिडकीत जाऊन उभे राहायचे. ते मला बघवत नसे. एकदा कबूल करावं यांनी, एवढंच मला हवं होतं.

शेवटी यांना घराबाहेर काढायची युक्ती लेकीनेच शोधली. शहराच्या जुन्या भागात एक चर्च आहे, बॉयलर बनवणाऱ्या कामगारांनीच ते शंभर वर्षांपूर्वी उभारलंय, बघायला चला, म्हणाली. हे लगेच बूट घालून तयार.

आत पाऊल टाकलं आणि प्रार्थनेला आलोय की कारखान्याच्या पाळीवर, तेच मला कळेना. दगड नाही, कमान नाही, नक्षी तर औषधालाही नाही. लोखंडी खांबांच्या दोन रांगा, वर शेडला असतात तशा छप्पर पेलणाऱ्या कैच्या, छताला तिरक्या काचा आणि खांबांवर, भिंतीच्या पत्र्यांवर लोखंडाला लोखंड जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळीच ओळी. ज्याला जे येतं त्यातूनच तो देवाचं घर बांधणार, त्याला कोण काय करणार? यांचा चेहरा मात्र असा खुलला, की लग्नात मला बघूनही तेवढा खुलला नव्हता.

पुढे एक बाई ऑर्गनचा सराव करत होत्या. मध्येच थांबून त्यांनी कपाळाला हात लावला. लेकीने चौकशी केली. सगळ्यात खालचा सूर धरला की कुठंतरी लोखंड झणझणतं, म्हणाल्या. सुतार येऊन गेले, वायरमन येऊन गेला, पण आवाज असा घुमतो की जागा सापडत नाही, आणि रविवारी भर प्रार्थनेत मुलं खिदळतात.

यांचं खांब निरखणं चाललं होतं, ते पाहून बाईंनी यांनाच विचारलं, आवाज कुठून येतो असं वाटतं? लेकीने तो प्रश्न यांच्या कानाशी पोचवला. बाईंनी सूर धरला. झणझण मलासुद्धा स्वच्छ ऐकू आली. यांनी डोळे मिटून जाणकारासारखी मान डोलवायला सुरुवात केली. सूर थांबला, तरी मान डोलतच होती.

बाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने जमिनीकडे. यांनी डोळे उघडले आणि ते नेमकं पाहिलं. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता घरी चला म्हणतील, असं वाटलं. पण यांनी बाही वर सारली, बाईंना वाजवत राहायची खूण केली आणि एकेका खांबावर तळवा टेकवत निघाले. चौथ्या खांबाशी थांबले. खिशातून घराची किल्ली काढली. रिव्हेट तपासायची रीत जेवणाच्या ताटावर ऐकून ऐकून मला पाठ झालीय: एका बाजूने ठोकायचं, दुसऱ्या बाजूला बोट ठेवायचं. घट्ट असेल तो गप्प बसतो, ढिला असेल तो बोटाला चावतो. सहा-सात रिव्हेट ठोकून झाल्यावर यांनी किल्ली खिशात टाकली आणि एकावर अंगठा गच्च दाबला.

झणझण गेली. नुसता सूर उरला. बाईंनी 'आ' वासला, लेकीने माझा दंड धरला. थांबलं ते सगळ्यांना कळलं, एका माणसाखेरीज.

हे माझ्याकडे वळले आणि बाईंसमोर, लेकीसमोर म्हणाले, "थांबलं का गं? मला ऐकू येत नाही."

'बघा, मी सांगत नव्हते?' हे वाक्य मी दोन वर्षं पाजळून ठेवलं होतं. पण ते तिथंच टाकून मी यांच्याजवळ गेले.

"थांबलं," मी यांच्या कानाशी ओरडले. प्रार्थनेच्या जागी ओरडू नये, ठाऊक आहे मला.

बाईंनी मग अख्खं गाणं वाजवलं. ते संपेपर्यंत यांनी अंगठा काढला नाही. संपल्यावर बोटं झाडत म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं?"

"उद्याच."

"उद्या हा रिव्हेट बसवायचाय. परवा जाऊ."