गार हातांचा दिवा

गुरुवारी सकाळी बिबवेवाडीतल्या त्या मंगल कार्यालयात गर्दी इतकी होती, की आत शिरलेल्या मुंगीला बाहेर पडेपर्यंत शुक्रवार उजाडला. हे मला मुंगीनंच सांगितलं. पण एवढ्या माणसांत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. सगळे भीतभीत आपली पाळी मोजत होते.

समोर पितळी परात, परातीत गार पाणी, पाण्यात जाड तांब्याची ताटली आणि तिच्या कडेला बारका दिवा. मागे ऊर्जानाथ महाराज, डोळे अर्धे मिटलेले.

"ना वायर, ना बॅटरी, ना पंप, ना इंजिन! हा दिवा निव्वळ आयुष्यावर पेटतो. हात ठेवा. आयुष्य असेल तर प्रकाश. नसेल तर... अमावास्या रविवारी आहे."

गेल्या गुरुवारी माझ्या थोरल्या बहिणीचा, हिराआक्काचा, दिवा पेटला नव्हता. तेव्हापासून तिनं रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. "मरणाऱ्याला गोळी कशाला, सीताराम?" म्हणाली आणि कपाटातल्या साड्या वाटायला काढल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या अशाच बंद राहिल्या तर महाराजांचा शब्द खरा ठरेल.

थापा मीही जन्मभर मारल्या. पण माझ्या थापेनं कुणी गोळ्या सोडल्या नाहीत.

आज मी आक्काला घेऊन परत आलो होतो, तिची सून दीपालीही बरोबर होती. बुधवार पेठेत तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. गाडीत ठेवायचे छोटे फ्रिज तिच्याकडे येतात. ती दिव्याकडे बघतच नव्हती. महाराजांचा शिष्य शंभू कुणाच्या हातात काय देतो, तेवढंच बघत होती.

माझी पाळी आली. शंभूनं माझ्या हातांवर बर्फासारखं तीर्थ ओतलं. मी ताटलीवर हात ठेवला. दिवा मेलेलाच. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही रविवार दिसला.

"अरेरे," महाराज म्हणाले.

"अहो मामा, थांबा," दीपाली पुढे झाली. "तुमच्या आधी सात जणांचा दिवा पेटला. सातही जणांना शंभूभाऊंनी कढत काढ्याचा पेला धरायला दिला होता. तीर्थ फक्त तुम्हाला. गेल्या वेळी आईंनाही तीर्थच दिलं होतं ना?"

"पापी जिवांना तीर्थ लागतं!" महाराज कडाडले.

"लागू दे की." तिनं तबकातला पेला उचलून आक्काच्या हातात दिला. "आई, पिऊ नका. नुसता धरा."

आक्कानं पेला दोन्ही हातांनी धरला. मिनिटभरानं तिनं तळवा ताटलीवर टेकवला. दिवा लागला.

"माझी कृपा!" महाराजांनी लगेच हात उंचावला.

"असेल. मग ह्याच्यावरही करा." दीपालीनं पिशवीतून गरम चहाचा स्टीलचा डबा काढून ताटलीवर ठेवला. दिवा आक्काच्या वेळेपेक्षा लख्ख लागला. "डब्याचं आयुष्य भलतंच दांडगं दिसतंय, महाराज."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग तिनं ताटली पाण्यातून उचलून उलटी केली. खाली दुसरी ताटली, दोहोंच्या मधे टीचभर चौकोनी वडी.

"ही माझ्या दुकानात त्या छोट्या फ्रिजांतून रोज येते. वीज दिली की एक बाजू गार, एक गरम. तेच उलटं केलं, वर ऊब आणि खाली गार पाणी ठेवलं, की चिमूटभर वीज मिळते. शेजारची ही जोडणी दिव्यापुरता जोर वाढवते. पंप नाही हे खरं आहे. लागतच नाही. हात गार असला की वरखाली सारखंच, मग वीज कुठून येणार?" तिनं ताटली ओल्या फडक्यानं पुसून गार केली आणि परत पाण्यात ठेवली. "आता आपण हात ठेवा, महाराज. तीर्थ नको, काढा नको."

पळायला वाट नव्हती, गर्दी त्यांनीच जमवलेली. त्यांनी हात ठेवला.

दिवा पेटला नाही.

महाराजांचं तोंड पांढरंफटक पडलं. मला त्यांची दया आली. "घाबरू नका," मी म्हणालो, "रविवारी काही होत नाही तुम्हाला. भीतीनं माणसाचे हात गार पडतात. तुमचा सगळा धंदा त्याच्यावर तर चाललाय."

शंभू मागच्या दारानं कधीच निघून गेला होता.

आक्का गार झालेल्या काढ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "दीपाली, गोळी आणलीयस का गं बरोबर?"

दीपालीनं गोळी आणली होती. पाणी मात्र आक्कानं परातीतलं घेतलं नाही.

तेव्हा मंडळी, उद्या तुमचा दिवा पेटला नाही, तर साड्या वाटायला काढू नका. आधी हात चोळून बघा. आणि दिवा दाखवणाऱ्याला म्हणा, ताटली उलटी कर.