साडेचार वारांच्या चोळ्या

"पण गुरुजी, भागल्यावर वाढलं काहून?"

चौथीतली रुख्मिणी उभी होती. फळ्यावर वामनराव मास्तरांनी साडेचार भागिले पाऊण हे गणित सोडवून उत्तर सहा काढलं होतं. पाऊणाचा छेद वर, अंश खाली, आणि मग गुणाकार. महाल पेठेतल्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं ते असंच शिकवत आले होते.

"उलटं करून गुणायचं म्हणजे गुणायचं. फाटे फोडू नको, बस खाली."

मुली हसल्या. रुख्मिणी मान खाली घालून बसली. मास्तरांच्या डोक्यातून मात्र तिचा प्रश्न जाईना. घरी जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहिला. उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, की विचारणारीला आपण असंच खाली बसवत आलो?

दुसऱ्या दिवशी रुख्मिणी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर मास्तर तिचं घर शोधत गेले. तिची आई देवकी ओसरीवर कापड बेतत होती. लोकांच्या चोळ्या शिवून ती घर चालवायची. तिनं लगबगीनं पदर सावरला.

"बसा, गुरुजी. पोरगी म्हणते, मले गणित येत नाही. आता शिवणच शिकीन म्हणते."

"तिले येते, बाई. मलेच सांगता आलं नाही," मास्तर म्हणाले, आणि रुख्मिणीनं काय विचारलं होतं ते त्यांनी सांगितलं.

देवकी जरा संकोचली. मग समोरच्या कापडावर हात ठेवून म्हणाली, "हे साडेचार वार आहे. चोळीले पाऊण वार लागते. मी आपली पाव-पाव वारानं मोजतो. साडेचारात पाव झाले अठरा. एका चोळीले तीन. सहा चोळ्या निघतात."

"साडेचाराचे सहा झाले ना?"

"कापड कुठं वाढलं, गुरुजी? आपण चोळ्या मोजून राहिलो."

मास्तर कापडाकडे पाहत राहिले. पाव मोजायला चारानं गुणलं, चोळ्यांसाठी तिनानं भागलं. उलटं करून गुणायचं ते हेच. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका शिवणाऱ्या बाईच्या ओसरीवर, त्यांना भागाकार कळला होता.

दाराआड रुख्मिणी उभी होती.

"उद्या ये, पोरी," मास्तर म्हणाले. "मले नाही सांगता आलं, ते तू सांग सगळ्यांले."

दुसऱ्या दिवशी रुख्मिणी आईकडून कापड घेऊन आली. मास्तर मागच्या तरटपट्टीवर मुलींच्या ओळीत मांडी घालून बसले. रुख्मिणीनं कापड पसरून पाव-पाव वार मोजून दाखवले. मग एकीनं विचारलं, "अन् सव्वा वाराचं पोलकं असलं तं?" दुसरी म्हणाली, "कापड उरलं तं काय करायचं?" प्रश्नांवर प्रश्न येऊ लागले आणि रुख्मिणी खडू घेऊन फळ्याकडे वळली.

न कळवता तपासणीला यायची शाळाखात्याच्या डेप्युटी साहेबांची सवय होती. ते दारात येऊन थबकले. रिकाम्या खुर्चीकडे आणि मग तरटपट्टीवर दिसणाऱ्या मास्तरांच्या पांढऱ्या टोपीकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मास्तर, हे काय चाललंय?"

वामनराव गडबडले नाहीत. त्यांनी हात जोडले, आणि बाजूला सरकून तरटपट्टीवर जागा केली.

"बसा, साहेब," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पोरगी शिकवून राहिली."