मागच्या रांगेतली जनेल

"ही माझी नव्हे," असं म्हणून जनेल कुबिचेकने पिवळी जर्सी कोच हॅल्वर्सनबाईंच्या टेबलावर परत ठेवली. बाकी सगळ्यांना निळ्या मिळाल्या होत्या.

"तुझीच आहे. यंदापासून नवा नियम आलाय. संघातली एक मुलगी वेगळ्या रंगात खेळेल. फक्त मागच्या रांगेत, पुढं जायची पाळी आली की बाहेर. समोरून आलेला बॉल उचलायचा."

"आणि मारायचा कधी?"

"मारायचा नाही. जाळीपाशी अडवायचाही नाही. सर्व्हिससुद्धा नाही."

"मग मी करू काय, फरशी पुसू?"

हॅल्वर्सनबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मी तुला बाकावरही बसवू शकते," त्या म्हणाल्या. "तिथं तुला निळी मिळेल."

तीन वर्षं जनेल ही कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघातली सगळ्यात जोरकस मारणारी खेळाडू होती. ती जाळीपाशी उसळली की समोरच्या मुली आपसूक मागं सरकायच्या. नेब्रास्कातल्या तिच्या छोट्या गावात वडिलांचं मटणाचं दुकान होतं. तिथं काउंटरमागच्या भिंतीवर तिचे वर्तमानपत्रांतले फोटो होते, आणि सॉसेज घ्यायला आलेल्या माणसाला ते पाहिल्याशिवाय सुटका नसे. मागच्या शरद ऋतूत एका सामन्यात ती मैत्रिणीच्या पायावर उतरली आणि गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, शिष्यवृत्तीही टिकली. उडी मात्र परत आली नाही. ऑगस्टच्या सरावात तिने जीव खाऊन उडी मारली तेव्हा हात जाळीच्या जेमतेम वर पोचला. कुणी काही बोललं नव्हतं. आज ती जर्सी बोलली.

जनेलने ती उचलली. शेवटचं वर्ष बाकावर बसून काढणं तिला जमलं नसतं.

पहिला पंधरवडा वाईट गेला. कोपरं सोलवटली, हात मनगटापासून वर निळेजांभळे झाले. "म्हातारे, आज किती लोळलीस?" कोर्टनी विचारायची. ती दोन वर्षांनी लहान, आणि जनेलच्या जुन्या जागेवर आता तीच खेळायची. "झाडू द्या गं हिला कुणीतरी!"

"तू नीट मार, म्हणजे मला लोळावं लागणार नाही," जनेल म्हणायची.

पण हळूहळू तिच्या एक गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं बॉल मारल्यामुळे मारणारीच्या मनातलं तिला आधी कळायचं. डोळे फसवतात, मनगट आयत्या वेळी वळतं, पण खांदा खोटं बोलत नाही. ती खांदा बघायची आणि बॉल यायच्या आधी तिथं जाऊन बसायची.

घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला वडील, मायलो कुबिचेक, सगळ्या संघासाठी सॉसेजचा डबा घेऊन आले. सामना जिंकला. बाहेर गाडीपाशी मात्र त्यांचा चेहरा उतरला होता.

"कुणाला उलट बोललीस का?"

"नाही. का हो, बाबा?"

"मग शिक्षा कसली केलीय तुला? सारखी आत-बाहेर, आत-बाहेर. एकदा तरी मारायचास!"

"मला मारायची मनाई आहे. ती जागाच तशी आहे."

"मी तेच म्हणतोय. शिक्षा."

पुढच्या सामन्याला ते आले नाहीत. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झालाय, शिकारी कापून घ्यायला हरणं आणतात, दुकानात हात रिकामा नाही, असं फोनवर म्हणाले. त्यानंतरच्या सामन्यालाही तेच कारण. जनेलने मग विचारणं सोडून दिलं.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी दुपारी दुसऱ्या गावात बाद फेरीचा सामना होता. हरलं की मोसम संपला, आणि जनेलपुरता खेळही. दोन-दोन सेट झाले. पाचव्या सेटच्या आधी पाणी पिताना तिला दाराशी वडील दिसले. जागा न मिळाल्यामुळे उभे होते. कोटाखालून दुकानातला अॅप्रन डोकावत होता. हरणं तशीच टाकून आले होते.

समोरच्या संघात एक ताडमाड मुलगी होती. तिने पहिला फटका मारला तो जनेलने छातीसमोर घेतला. दुसरा तिने आडवं पडून एका हातावर उचलला. तिसरा जाळीपाशी अडवणाऱ्या मैत्रिणींच्या हातांना लागून मागं उडाला, तशी जनेल धावत सुटली. बाकाजवळ पाठमोरी असतानाच तिने दोन्ही हातांनी बॉल डोक्यावरून मागं टोलवला. तो कसाबसा कोर्टनीपर्यंत आला, आणि कोर्टनीने तो समोरच्या फरशीवर आपटला. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. कोर्टनी उड्या मारत आली ती थेट बाकामागच्या खुर्च्यांमध्ये जाऊन पडलेल्या जनेलकडे. "ऊठ गं म्हातारे," तिला ओढून काढत ती म्हणाली.

तरीही त्या सामना हरल्या. शेवटच्या बॉलला त्या उंच मुलीने आधी जनेल कुठं आहे ते पाहिलं, आणि बॉल दुसऱ्या कोपऱ्यात घातला. जनेलला खांदा कळला होता. पाय पोचले नाहीत.

हात मिळवायला सगळ्या जाळीशी आल्या तेव्हा ती मुलगी जनेलपाशी थांबली. "आमच्या कोचनं सकाळी एवढंच सांगितलं होतं," ती म्हणाली. "काहीही करा, पण पिवळीकडे मारू नका."

परतताना जनेल बसने न जाता वडिलांच्या गाडीत बसली. गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या मक्याची रानं मागं पडत होती. एका पेट्रोल पंपावर वडिलांनी गाडी उभी केली, टाकी भरली आणि पैसे द्यायला आत गेले.

खूप वेळ झाला तरी ते येईनात. जनेलने काच खाली करून पाहिलं. आत काउंटरवरची बाई हनुवटीला हात लावून ऐकत होती. मायलो कुबिचेक तिच्यासमोर गुडघे वाकवून, आपला अवजड देह जमेल तेवढा खाली नेऊन, बॉल उचलायला जनेल धरते तसे दोन्ही हात जुळवून पुढं धरून उभे होते. मग ते एकदम डावीकडे झुकले आणि पडता पडता चिप्सच्या मांडणीला धरून सावरले. बाई हसली. ते हसले नाहीत. त्यांनी पुन्हा गुडघे वाकवले, हात पुढं धरले, आता आणखी खाली, जमिनीलगत. मागं दोन माणसं पैसे हातात घेऊन खोळंबली होती.

जनेलने हॉर्न वाजवला नाही.