कासोंडे आज चिडवत नव्हता

चहा झाला, पाहुण्यांनी बुटांच्या नाड्या आवळल्या, लुआंग्वा नदीच्या काठाने पायी फेरी सुरूही झाली, तरी कासोंडेने योतामला एका शब्दाने चिडवलं नाही. योतामला ते तेव्हाच खटकलं.

कासोंडे बेम्बा, योताम न्गोनी. या दोन जमातींनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, अगदी मयतीतसुद्धा, आणि कुणी रागवायचं नाही, असा तिकडे रिवाजच आहे. कासोंडे अभयारण्याचा रक्षक, बंदूक घेऊन सर्वांत पुढे चालायचा. वाटाड्या योताम त्याच्या मागे आणि योतामच्या भरवशावर चार परदेशी पाहुणे. बंदूक एकच. ती धरणाऱ्याचंच बिनसलं तर काय करायचं, हे योतामला वाटाड्याच्या परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

"काय मेव्हण्या," त्याने खडा टाकून पाहिला, "गप्पसा? न्याहारीला माकड मिळालं नाही वाटतं?"

एरवी न्गोनींच्या उंदीर खाण्यावरून निदान दहा पावलं तरी शिव्या ऐकाव्या लागायच्या.

"समोर बघ," कासोंडे एवढंच म्हणाला.

योतामला परत फिरावंसं वाटत होतं. पण पाहुण्यांना कारण काय सांगणार? आमचा रक्षक मला उंदीरखाऊ म्हणाला नाही म्हणून? ते वेड्यात काढतील. तो मुकाट्याने चालत राहिला आणि स्वतःवरच चरफडत राहिला.

वारा फिरला आणि झुडपांतून हत्तीण बाहेर आली. मागे पिल्लू. तिने कान पसरले आणि ती सरळ अंगावर आली.

"कुणीही पळायचं नाही," योताम पाहुण्यांना म्हणाला. कासोंडेने बंदूक खांद्याला लावली. योताम टाळ्या वाजवत, हत्तिणीशी मोठमोठ्याने बोलत त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ती थांबली, पण इतकी जवळ, की तिने उडवलेली धूळ त्यांच्या तोंडात गेली. मग मान झटकून वळली आणि पिल्लाला घेऊन झुडपांत शिरली.

पाहुण्यांतली एक बाई रडता रडता हसायला लागली. योतामने मात्र कासोंडेचा हात पाहिला होता. बोट चापावर नव्हतंच. पाहुण्यांकडे पाठ करून त्याने कासोंडेच्या हातातली बंदूक उघडून पाहिली. रिकामी.

"गोळ्या?" पाहुण्यांना न कळणाऱ्या भाषेत त्याने विचारलं.

"घरी."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मागच्या आठवड्यात मक्यात शिरणारी एक हत्तीण मीच पाडली, हुकूम होता. तिचं पिल्लू दोन दिवस तिला सोंडेने उठवत होतं. आता माझ्याच्याने चाप ओढवत नाही, योताम."

"मग घरी बसायचंस."

"मी बसलो असतो तर दुसरा आला असता. गोळ्या भरून."

"आणि ही माणसं?"

"पुढे मीच होतो ना. आधी मी गेलो असतो."

"आणि नंतर मी. माझ्या तीन पोरींनी काय करायचं होतं?"

तेवढ्यात ती बाई आली आणि तिने कासोंडेचा हात दोन्ही हातांत घेतला. "यांना सांगा," ती योतामला म्हणाली, "पुढे यांची बंदूक दिसत होती, म्हणूनच मी पळाले नाही."

योतामने ते कासोंडेला शब्दन् शब्द सांगितलं. छावणीची वाट हत्तीण गेली त्याच झुडपांतून जात होती. खरं कळलं तर ही चौघं वाट फुटेल तिकडे पळतील आणि पळणाऱ्याला ती सोडणार नाही. त्याने पाहुण्यांना पुन्हा एका रांगेत उभं केलं.

"बंदूक वर धर," तो कासोंडेला म्हणाला. "दिसू दे त्यांना."