रावणाचा लाकडी मुकुट

मी एक जुना मुकुट आहे, मित्रांनो. आधी नीट बसा, मग ऐका. मी सोन्याचा नाही, फणसाच्या लाकडाचा आहे. वरची चमक बेगडीची.

अणशीच्या रानात आमची वाडी. शिमग्याला देवळापुढं रामायणाचा खेळ होतो. त्यातला रावण गुरुदासच्या घरचा, चार पिढ्यांचा मान. अट एकच: खेळ सुरू झाला की थांबायचा नाही. ज्याच्यामुळं थांबेल, त्याच्या घरचा मान गेला.

गुरुदासला त्याच्या आईनं, बाळीनं, शिकवलं. ती शाळेत दोनच वर्षं गेली, पण रावणाची सगळी भाषणं तिला तोंडपाठ. मला त्याच्या डोक्यावर ठेवून ती त्याला शेताच्या बांधावरून चालवायची.

"आये, मान दुखते गो."

"दुखू दे. राजाची मान हाय ती, बैलाची न्हाई. मुकुट पडला तर पडू दे, तोंड बंद झालं तर बघ!"

पोरगा तयार झाला. कॅसलरॉकहून गाडीत बसून धारवाडला नाटक शिकायला गेला. बेळगावच्या नाटकमंडळीत चार वर्षं राबला. मग बंगळूरला मालिकांत शिरला. आधी ड्रायव्हर, मग हवालदार, मग नायकाचा थोरला भाऊ. खाली टीव्हीत तो, वर खुंटीवर मी. लोक त्याला बघत. माझ्यावर कोळी जाळं विणत.

इतकी वर्षं त्याचा चुलता लाडू मला घालून खेळ निभावत होता. यंदा लाडूचे गुडघे गेले. बाळीनं गुरुदासला बोलावलं. तो खेळाच्या दिवशीच मोटारीनं आला.

"एकदा म्हणून तरी दाखव," बाळी म्हणाली.

"आये, क्यामेऱ्यापुढं पानंच्या पानं बोलतो मी."

खेळात सीतेपुढं तो उभा राहिला, गरजला, आणि मी त्याच्या भुवईवर घसरलो. तो अडखळला. हात वर करून म्हणाला, "थांबा, परत एकदा घेऊ या."

मृदंग थांबला. लोक खो-खो हसले. खेळाचे मान ठरवणारा गावकार झिलू मात्र हसला नाही.

"दहा तोंडं असून एक चाललं न्हाई व्हय, बाबा? देवाला परत एकदा म्हणतात?"

त्यानं मला उचललं आणि भालदार झालेल्या शिवानंदच्या डोक्यावर ठेवलं. चार पिढ्यांचा मान ओहोळापलीकडच्या घरात गेला. बाळी रडली नाही. शिवानंदला एवढंच म्हणाली, "डावीकडं आवळून बांध. घसरतो तो."

मागाहून कानावर आलं, घरी गेल्यावर गुरुदास म्हणाला, "मुकुट तरी मागून घे, आये. बंगळूरच्या घरात भिंतीवर लावतो."

"भिंतीवर लावायला तुझा फोटो हाय की."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, असं सगळे सांगतात. मी सांगतो, मला वापरा, आणि डोक्यावर घेण्याआधी तालीम करा. शिवानंदचं डोकं लहान आहे, माझ्या आत चिंध्या कोंबतात, तरी मी बसतो. मी लाकूड. मला दुसरं डोकं मिळालं. बाळीनं दुसरा मुलगा कुठून आणायचा?