गामाचं जहाज

"फेटा नको रे त्याला, टोपी! पिसाची टोपी!" हिंमतराव ओरडले, तसं बब्रुवानानं कामट्यांच्या पुतळ्याचं डोकं पुन्हा उसवलं.

तेरखेड्यात शोभेची दारू करणारे पुष्कळ, पण बांबूच्या सांगाड्यावर लंका उभी करावी ती बब्रुवानानंच. हिंमतराव देशमुखांच्या लेकीच्या लग्नाला सोलापूरचा गोरा साहेब येणार होता. त्याच्यापुढं मिरवायला दारूचं जहाज हवं होतं आणि जहाजावर वास्को द गामा. आता गामा पोर्तुगीज, साहेब इंग्रज; पण हैदराबादेत चार बुकं शिकलेल्या हिंमतरावांच्या लेखी सगळे गोरे एकाच आईचे. धन्य ते शिक्षण!

"मालक, ह्यानं केलं तरी काय?"

"अरे, समुद्र पालथा घालून हिंदुस्थानची वाट काढली! आणि जरब कसली! हजहून परतणारं जहाज लुटलं, माणसांसकट पेटवलं. बाया लेकरं वर धरून दाखवत होत्या, पण गडी हलला नाही." हिंमतरावांनी मिशीला पीळ दिला. "काम झकास झालं, की तुझ्या परवान्याचं मी तहसीलदाराला सांगतो."

दिवस लढाईचे. निजाम सरकारला दारूच्या चिमटीचाही संशय. परवाना पुढं चालू झाला नाही, तर वाडवडिलांपासूनचा धंदा बसणार, हे बब्रुवानाला पक्कं ठाऊक होतं.

घरी तो तोंड वाकडं करूनच आला. "लेकरं जाळनारा राक्षस हाय त्यो," त्यानं बायकोला सांगितलं.

"मग पोटात दारू चांगली ठासून भरा," दगडाबाई म्हणाली.

त्यांच्या घरात सांगाड्यावर माणूस चढवायचा तो जाळायलाच. रावण झाला, नरकासुर झाला, आता हा. यात विचारण्यासारखं होतंच काय?

वरातीच्या रात्री जहाज उजळलं. रुपेरी शिडं झगमगली, साहेब उठून उभा राहिला. हिंमतरावांची छाती फुगली. तेवढ्यात ठिणगी गामाच्या पायातून सरसर वर चढली आणि धडाम! पोट फुटलं. पिसाची टोपी जळत जळत हिंमतरावांच्या खुर्चीपुढं पडली. रावण जळाल्यासारखी लोकांनी बोंब ठोकली. साहेबही टाळ्या पिटू लागला. मेलं कोण, हे त्याला कुठं ठाऊक?

हिंमतरावांनी बब्रुवानाला मांडवामागं ओढलं.

"गाढवा, त्याला सलामी द्यायची होती!"

बब्रुवान बघतच राहिला. "सलामी? त्याला?"

"साहेबापुढं चल. चुकून पेटला म्हण, माफी माग. उद्या परवान्याचं बघतो."

बब्रुवानानं त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. एवढा मोठा माणूस, आणि अक्कल ही एवढी! त्याला किळस आली. तो बाजूला थुंकला.

"चुकून न्हाय पेटला, मालक. म्या पेटवला. माझ्या हातनं चुकून काय पेटत न्हाय."

परवाना मिळाला नाही. बब्रुवान दुसऱ्यांच्या रानात भुईमूग काढायला जाऊ लागला. दसऱ्याला दगडाबाईनं त्याच्या हातावर सोनं ठेवलं आणि ती थबकली. जन्मभर दारूनं काळे असलेले तळवे आता स्वच्छ झाले होते. बब्रुवानानं आपट्याच्या पानांसकट मुठी मिटल्या, आणि लोकांना भेटायला तो तसाच गेला.